काशीत सापेक्षतेची परंपरा रुजवणारे आचार्य : विष्णु वासुदेव नारळीकर

वाराणसी : केंब्रिजमधील शिक्षण आटोपून कोल्हापूरचा एक तरुण गणिती १९३२ मध्ये काशीत आला आणि बनारस हिंदू विद्यापीठाच्या गणित विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा तो चोविशीच्या उंबरठ्यावर होता. विष्णु वासुदेव नारळीकर हे त्याचे नाव. पुढील अठ्ठावीस वर्षे तो या विभागाचा आधारस्तंभ राहिला. त्या काळात त्याने आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षतेच्या सिद्धांतावर संशोधन करणारी एक शिष्यपरंपरा उभी केली. देशात अशा संशोधनासाठी ना शिष्यवृत्त्यांची सोय होती, ना पदव्या मिळवून बाहेर पडणाऱ्यांना नोकरीची शाश्वती. आज मराठी वाचकांना नारळीकर हे नाव त्यांचे पुत्र, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्यामुळे परिचित आहे. पित्याचे कार्य मात्र बरेचसे शिष्यांच्या नावांआड राहिले आहे.

विष्णु नारळीकरांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापूर येथे झाला. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पदवी घेऊन ते १९२८ मध्ये केंब्रिजला गेले. त्यासाठी कोल्हापूर संस्थान आणि जे. एन. टाटा निधी यांचे साहाय्य त्यांना लाभले. गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत १९३० मध्ये ते विशेष प्रावीण्यासह रँग्लर झाले. महाराष्ट्राला रँग्लर हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे आधीच घरगुती झाला होता. परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले, त्या वेळी परीक्षार्थींची क्रमवार यादी जाहीर होत असे. १९०९ नंतर ती पद्धत बंद झाली. त्यामुळे नारळीकरांच्या पिढीतील रँग्लरांना पहिला, दुसरा असा क्रमांक नव्हता. खगोलशास्त्रासाठी दिले जाणारे टायसन पदक, आयझॅक न्यूटन विद्यावृत्ती आणि १९३२ मध्ये संशोधनासाठी रॅले पारितोषिक असे बहुमान त्यांना एकामागून एक मिळाले. आर्थर एडिंग्टन आणि जोसेफ लार्मर यांच्यासारख्यांचा सहवास त्यांना मिळाला. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांतून आइन्स्टाइन यांचे भाकीत पडताळून पाहणारे एडिंग्टन हे त्या काळी इंग्लंडमधील सापेक्षतेचे सर्वांत अधिकारी भाष्यकार होते. नारळीकरांनी हा विषय अशा रीतीने उगमापाशीच आत्मसात केला.

युरोपातील वा अमेरिकेतील एखाद्या वेधशाळेत वा विद्यापीठात त्यांची कारकीर्द पुढे सरकली असती तर त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. परंतु १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी पंडित मदनमोहन मालवीय लंडनला आले होते. विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून मालवीयजींची एक सवय होती : जिथे जावे तिथे आपल्या विद्यापीठासाठी निधी गोळा करावा आणि माणसेही गोळा करावीत. केंब्रिजमधील या बुद्धिमान तरुणाची कीर्ती त्यांच्या कानांवर गेली आणि त्यांनी त्याला गणित विभागाचे प्रमुखपद देऊ केले. नारळीकरांनी ते स्वीकारले. केंब्रिजमधील वास्तव्य आवरते घेऊन ते मायदेशी परतले.

या निर्णयाचे वजन समजण्यासाठी त्याच सुमारास केंब्रिजमध्ये असलेल्या दुसऱ्या एका भारतीयाची आठवण उपयोगी पडते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर नारळीकरांपेक्षा दोन वर्षांनी लहान. तेही १९३० मध्ये केंब्रिजला आले, १९३३ मध्ये पीएच.डी. झाले आणि १९३७ पासून शिकागो विद्यापीठाचे होऊन गेले. ताऱ्यांच्या अंतरंगावरील त्यांच्या कार्याला पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांच्या बुद्धीची तुलना करण्याचे कारण नाही. त्यांच्या भोवतालची मात्र करता येते. चंद्रशेखरांना वेधशाळा, दर आठवड्याला नवे काही ऐकवणारे सहकारी आणि जगभरातून येणारे विद्यार्थी लाभले. नारळीकरांना मिळाला एक विभाग, पदवीच्या वर्गांचे अध्यापन, परीक्षांचा व्याप आणि प्रशासन. यांतून जो वेळ उरेल तो संशोधनाचा.

काशी मराठी माणसाला परकी नव्हती. शिवराज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट काशीचेच. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात उभारले. घाटांच्या परिसरात महाराष्ट्रीय घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, आणि नारळीकर काशीत आले तेव्हा हिंदी दैनिक आजचे संपादक बाबूराव विष्णु पराडकर हेही मूळचे मराठीच होते. पूर्वीचा मराठी विद्यार्थी काशीला जाई तो व्याकरण, न्याय आणि मीमांसा शिकण्यासाठी. नारळीकर आले ते अवकाश आणि काल यांची भूमिती शिकवण्यासाठी. तरीही गुरूच्या सान्निध्यात राहून एखादा विषय तळापर्यंत समजून घेण्याची जुनी रीत या नव्या विषयालाही उपयोगी पडली, असे पुढील घटनांवरून दिसते.

बनारसच्या गणित विभागाला पूर्वपरंपरा होती. विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांत गणेश प्रसाद यांच्यासारखे नामवंत गणिती तिथे होते. ते १९२३ मध्ये कोलकात्याला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डहून परतलेले तरुण दामोदर धर्मानंद कोसंबी बनारसला रुजू झाले, परंतु दोनच वर्षांत अलीगढला निघून गेले. चांगली माणसे येत आणि जात. विद्यापीठांतील संशोधनाचा खरा शत्रू ही ये-जाच असते. एखाद्या विषयात विद्यार्थी घडवायचा तर मार्गदर्शकाने निदान दहा-पंधरा वर्षे एका जागी ठाण मांडून बसावे लागते. नारळीकर बसले.

त्या काळात संशोधक विद्यार्थी असण्याचा अर्थ आजच्यापेक्षा फार वेगळा होता. विद्यापीठ अनुदान आयोग अजून अस्तित्वात आला नव्हता. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची स्थापना १९४२ मधील. एम.एस्सी. झालेल्या मुलासाठी घरच्यांच्या मनात महाविद्यालयातील व्याख्यातेपद किंवा सरकारी नोकरी यांपलीकडची स्वप्ने सहसा नसत. संशोधनासाठी वेतन मिळत नसे. ज्याला संशोधन करायचे त्याने नोकरी सांभाळून किंवा पदरमोड करून ते करावे, अशीच व्यवस्था होती. नाही म्हणायला एक गोष्ट अनुकूल घडली होती. बंगळुरूहून करंट सायन्स हे नियतकालिक १९३२ मध्ये सुरू झाले आणि सी. व्ही. रामन यांच्या पुढाकाराने १९३४ मध्ये भारतीय विज्ञान अकादमी स्थापन होऊन तिची कार्यवाही प्रसिद्ध होऊ लागली. भारतात केलेले संशोधन भारतातच छापून येण्याची सोय त्यामुळे झाली.

विषयाची निवड ही तर आणखी मोठी जोखीम होती. १९१५ मध्ये पूर्णत्वास गेलेला व्यापक सापेक्षतेचा सिद्धांत १९१९ च्या ग्रहणानंतर जगभर गाजला, परंतु १९३० च्या सुमारास भौतिकशास्त्राचा ओघ पुंजयांत्रिकी आणि अणुकेंद्राकडे वळला. सापेक्षतेचे परिणाम सूर्यमालेत अतिसूक्ष्म. त्यांची पडताळणी करणारे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाश्चात्त्य विद्यापीठांतही हा विषय गणित विभागाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला. ही ओहोटी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. नारळीकरांचा बनारसमधील काळ जवळजवळ संपूर्ण या ओहोटीत गेला. अशा विषयात विद्यार्थ्याला उतरवताना त्याच्या चरितार्थाचे काय, हा प्रश्न कोणत्याही जबाबदार मार्गदर्शकापुढे उभा राहणारच.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर गरीब देशातील विद्यापीठाला हा विषय परवडणारा होता. त्याला प्रयोगशाळा लागत नव्हती. कागद, फळा, खडू आणि अपार चिकाटी एवढे पुरे. चिकाटीचा उल्लेख केवळ अलंकारिक नव्हे. आइन्स्टाइन यांची क्षेत्रसमीकरणे दहा, ती परस्परांत गुंतलेली आणि अरैखिक. त्यांतून काही निष्पन्न करायचे तर प्रथम अवकाश-कालाच्या भूमितीविषयी एखादे सोपे गृहीतक धरायचे, उदाहरणार्थ सर्व दिशांना सारखेपणा, मग वक्रतेचे एकेक घटक हाताने काढायचे, समीकरणांत घालायचे आणि ती सुटतात का ते पाहायचे. एका चिन्हाची चूक पंधरा पाने वाया घालवू शकते. संगणक तर नव्हतेच. असे काम एकट्याने करणारा विद्यार्थी लवकर खचतो. शेजारी तेच काम करणारे दुसरे कोणी असेल तर तग धरतो. नारळीकरांच्या विभागाचे महत्त्व इथे होते. कोलकात्यात निखिल रंजन सेन यांच्याभोवतीही असे थोडेफार वातावरण होते, पण एकूण भारतात अशा जागा फार थोड्या.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांचे. जुनागढजवळील शहापूर येथे १९१८ मध्ये जन्मलेले वैद्य मुंबईत गणित शिकले. स्वातंत्र्याच्या चळवळीने भारावलेल्या त्या दिवसांत त्यांनी अहिंसक व्यायाम संघाच्या कामाला वाहून घेतले होते. ते काम थांबल्यावर पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांचे मन पुन्हा गणिताकडे वळले. सापेक्षतेवर काम करायचे तर बनारसला नारळीकरांकडे जावे, हे उघड होते. १९४२ मध्ये वैद्य पत्नी आणि सहा महिन्यांच्या मुलीसह काशीला पोहोचले. शिष्यवृत्ती नव्हती. गाठीला असलेली बचत संपेपर्यंत राहायचे, एवढेच नियोजन होते. ती सुमारे दहा महिने पुरली.

ते वर्ष निवांत अभ्यासाचे नव्हते. महायुद्ध सुरू होते, महागाई वाढत होती, परदेशी नियतकालिके वेळेवर पोहोचत नव्हती. ऑगस्टमध्ये भारत छोडो आंदोलन पेटले आणि बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी त्यात अग्रभागी होते. राधाकृष्णन तेव्हा कुलगुरू होते. अशा धामधुमीत गुरू-शिष्यांपुढे जो प्रश्न होता तो मात्र पृथ्वीवरील घडामोडींपासून फार दूरचा होता.

प्रश्न असा. कार्ल श्वार्ट्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइन यांच्या समीकरणांचे पहिले नेमके उत्तर शोधले. गोलाकार ताऱ्याच्या बाहेरील पोकळीत अवकाश-काल कसा वक्र होतो, हे त्यातून कळते. बुधाच्या कक्षेचे सरकणे आणि सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशकिरणांचे वाकणे ही दोन्ही त्याच उत्तरातून निघतात. परंतु त्यात तारा अंधारा धरला आहे. त्याचे वस्तुमान कायम आणि त्याच्याबाहेर निव्वळ पोकळी. खरा तारा चमकतो. प्रकाश आणि उष्णता यांच्या रूपाने तो ऊर्जा बाहेर टाकतो; ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, म्हणून तो सतत हलका होत जातो. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान असे गमावतो. शिवाय त्याच्या बाहेरचा प्रदेश रिकामा राहत नाही, तो बाहेर धावणाऱ्या प्रारणाने भरलेला असतो. अशा चमकत्या ताऱ्याभोवतीची भूमिती कोणती?

नारळीकर या प्रश्नाभोवती काही काळ घोटाळत होते आणि तो त्यांनी वैद्यांपुढे ठेवला. मार्गदर्शकाच्या गुणाची खरी कसोटी इथे लागते. प्रश्न इतका सोपा नसावा की उत्तराला किंमत राहू नये, आणि इतका अवघडही नसावा की दहा महिन्यांची पुंजी घेऊन आलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने परतावा. वैद्यांना उत्तर सापडले. त्याचा गाभा थोडक्यात सांगता येतो. ताऱ्याचे वस्तुमान घटत असल्याची वार्ता दूरच्या बिंदूला तत्काळ कळत नाही. ती प्रकाशाच्या वेगाने, प्रारणाबरोबरच प्रवास करत तिथे पोहोचते. म्हणून त्या बिंदूपाशी जे वस्तुमान भूमिती ठरवते ते ताऱ्याचे या क्षणीचे वस्तुमान नव्हे, तर तिथे येऊन ठेपलेला किरण ताऱ्यावरून निघाला त्या क्षणीचे. श्वार्ट्झशिल्ड यांच्या उत्तरातील स्थिर राशीच्या जागी अशी बदलती राशी आली की समीकरणे सुटतात. सांगायला सोपे वाटणारे हे उत्तर मिळवताना करावे लागलेले आकडेमोडीचे डोंगर वेगळेच. वैद्यांचा निबंध १९४३ मध्ये करंट सायन्समध्ये प्रसिद्ध झाला. सविस्तर मांडणी १९५१ मध्ये भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवाहीत आली आणि १९५३ मध्ये नेचरमधील एका टिपणात त्यांनी ती अधिक सुटसुटीत रूपात दिली.

त्या वेळी कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत वैद्यांचे उत्तर आणि श्वार्ट्झशिल्ड यांचे उत्तर यांतील फरक मोजता येण्याच्या पलीकडे सूक्ष्म होता. गणिताची एक डौलदार कसरत, एवढेच तिचे मोल बहुतेकांनी केले असते. पण १९६३ मध्ये क्वेसार ओळखले गेले. एका लहानशा प्रदेशातून अख्ख्या दीर्घिकेहून अधिक तेज ओतणारे हे पदार्थ समजून घेण्यासाठी प्रबळ गुरुत्वाकर्षण आणि प्रचंड प्रारण यांचा एकत्रित विचार अटळ ठरला. कोसळणारे तारे, आणि पुढे प्रारण सोडत झिजणारी कृष्णविवरे, या सर्वांच्या अभ्यासात बनारसच्या त्या दहा महिन्यांतील उत्तर हाताशी तयार होते. वैद्य मेट्रिक या नावाने ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

के. आर. करमरकर हे या परंपरेतील दुसरे नाव. नारळीकर आणि करमरकर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वक्रतेच्या अशा चौदा राशींचा अभ्यास मांडला, ज्या निर्देशक बदलले तरी बदलत नाहीत. याचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. श्वार्ट्झशिल्ड यांच्या उत्तरात केंद्रापासून एका विशिष्ट अंतरावर सूत्र बिघडते. हा बिघाड निसर्गातला की केवळ आपण निवडलेल्या मोजपट्टीतला, याविषयी दीर्घकाळ गोंधळ होता. निर्देशकांवर अवलंबून नसलेल्या राशी तपासल्या की त्या अंतरावर काही अनंत होत नाही आणि केंद्रापाशी मात्र होते, हे दिसते. करमरकरांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे आणखी एक अट शोधली. चार मितींचा वक्र अवकाश-काल पाच मितींच्या सपाट अवकाशात कधी बसवता येतो, हे ती अट सांगते. कित्येक दशके ती थोड्यांनाच ठाऊक होती. अलीकडच्या काळात अतिघन ताऱ्यांची प्रतिरूपे रचणाऱ्या संशोधनात करमरकर अट हे शब्द वारंवार भेटतात.

नारळीकरांच्या स्वतःच्या नावाचे समीकरण पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. त्यांनी निबंध पुष्कळ लिहिले, विद्यार्थ्यांसह आणि स्वतंत्रपणेही. पण ज्या दोन गोष्टींमुळे बनारसची शाळा आज स्मरणात आहे त्या शिष्यांच्या नावे आहेत. पुष्कळ मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या कामावर आपले नाव आधी घालतात, हे विद्यापीठांतील उघड गुपित आहे. करंट सायन्समधील तो १९४३ चा निबंध एकट्या वैद्यांच्या नावे छापला गेला, हे म्हणूनच नोंदवण्याजोगे ठरते.

मार्गदर्शक नसला तर काय होते, याचे उदाहरण त्याच काळात कोलकात्यात दिसते. अमल कुमार रायचौधुरी यांनी सापेक्षतेत जवळजवळ एकट्याने काम केले. १९५२ मध्ये ते ज्या संस्थेत संशोधक म्हणून रुजू झाले तिथे त्यांच्याकडून धातूंच्या गुणधर्मांवर कामाची अपेक्षा होती. सापेक्षता त्यांना तिच्या जोडीने, जिद्दीने करावी लागली. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे समीकरण पुढे पेनरोज आणि हॉकिंग यांच्या प्रमेयांचा पाया बनले. प्रतिभा एकाकीपणावरही मात करते, हे खरे. परंतु विद्यापीठाची व्यवस्था प्रतिभावंतांच्या भरवशावर चालत नाही. चांगल्या, कष्टाळू विद्यार्थ्याला योग्य प्रश्न आणि सोबत मिळाली तर तो किती दूर जाऊ शकतो, यावर ती चालते.

शिष्यांच्या चरितार्थाचा प्रश्न मात्र कायमच राहिला. बचत संपल्यावर वैद्य बनारसहून परतले. पुढे काही काळ नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. झाले आणि मग वल्लभ विद्यानगर व अहमदाबाद येथे अध्यापनात रमले. गुजरातभर शालेय गणिताचा प्रसार करण्यात त्यांनी हयात घालवली. पुढे ते गुजरात लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष आणि गुजरात विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. जगाने ज्याचे उत्तर स्वीकारले त्या संशोधकाचा बहुतेक काळ वर्गात पदवीचे गणित शिकवण्यात गेला. सापेक्षतेत घडलेल्या इतर अनेकांच्या वाट्यालाही महाविद्यालयीन अध्यापनच आले. यात हानी झाली असे म्हणता येईल. पण त्या अध्यापकांमुळे लहान शहरांतील विद्यार्थ्यांपर्यंत हा विषय पोहोचला आणि पुढच्या पिढीला मार्गदर्शक कुठे शोधायचा हे कळले.

या परंपरेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. नेमकी उत्तरे शोधण्याच्या गणिती कौशल्यावर तिचा भर राहिला; निरीक्षण आणि प्रयोग यांच्याशी नाते क्षीण राहिले. वैद्यांसारख्यांच्या हाती या पद्धतीला अर्थ होता. पुढच्या काळात देशातील अनेक विद्यापीठांत मात्र एखादे गृहीतक किंचित बदलून नवे उत्तर काढायचे आणि निबंध छापायचा, असा साचा पडला. वेधशाळा आणि प्रयोगशाळा यांपासून तुटलेल्या विभागांची ही मर्यादा होती. तिचे खापर एकट्या बनारसवर फोडणे न्याय्य ठरणार नाही.

विद्यापीठाच्या परिसरातील नारळीकरांचे घर हीसुद्धा एक प्रकारची पाठशाळाच होती. पत्नी सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. त्या कोल्हापूरच्या हुजूरबाजार घराण्यातील. त्यांचे बंधू वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे संशोधन केले आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग नावारूपाला आणला. नारळीकरांनी मुलांसाठी घरात फळे लावले होते. गणिताच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी काशीला येऊन राहिलेले सुमतीबाईंचे दुसरे बंधू, मुलांचे मोरूमामा, या फळ्यावर भाच्यासाठी एखादे आव्हानात्मक कोडे लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. जयंत नारळीकरांनी चार नगरांतले माझे विश्व या आत्मचरित्रात या दिवसांचे वर्णन केले आहे. त्या चार नगरांतील पहिले बनारस. जयंत १९५७ मध्ये बनारसहून पदवीधर झाले, केंब्रिजला गेले, पित्याप्रमाणे रँग्लर झाले, त्यांनीही टायसन पदक मिळवले आणि फ्रेड हॉइल यांच्याकडे विश्वरचनेवर संशोधन केले. धाकटे पुत्र अनंत अतिवाहकतेच्या क्षेत्रात शास्त्रज्ञ म्हणून नावाजले गेले.

नारळीकरांनी १९६० मध्ये बनारस सोडले. त्यानंतर सहा वर्षे ते अजमेर येथे राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. या काळाविषयी सांगण्याजोगे फारसे नाही. शास्त्रज्ञाला प्रशासनाच्या खुर्चीत बसवण्याची आपल्याकडची जुनी रीत, एवढेच. १९६६ मध्ये ते पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळक अध्यासनाचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले आणि १९७३ पर्यंत तिथे राहिले. साठीकडे झुकलेल्या या अध्यापकाने पुण्यात पुन्हा विद्यार्थी घ्यायला सुरुवात केली. राजस्थानातून आलेले आणि वल्लभ विद्यानगर येथे एम.एस्सी. झालेले नरेश दधीच हे त्यांपैकी एक.

तोवर जगात सापेक्षतेला पुन्हा भरती आली होती. क्वेसार, स्पंदक आणि पार्श्वप्रारण यांच्या शोधांनी हा विषय गणिताच्या कोपऱ्यातून खगोलभौतिकीच्या मध्यभागी आला. भारतातील सापेक्षतेच्या अभ्यासकांनी १९६९ मध्ये आपली संघटना स्थापन केली, तिच्या संस्थापकांत वैद्य होते आणि अध्यक्षपदाचा पहिला मान नारळीकरांकडे गेला. ओहोटीच्या काळात विषय धरून ठेवणाऱ्या पिढीचा तो सन्मान होता.

जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजमधून मायदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा संस्थेत दाखल झाले. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या परिसरात आयुकाची स्थापना झाली, तेव्हा ते तिचे संस्थापक संचालक झाले. देशभरातील विद्यापीठांतल्या अध्यापकांना आणि संशोधक विद्यार्थ्यांना एकाकी पडू न देता एकत्र काम करण्याची जागा द्यावी, हा या केंद्राचा उद्देश. विष्णु नारळीकरांनी आयुकाची पहिली पावले पाहिली. १ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये जयंतरावांनंतर आयुकाचे संचालकपद नरेश दधीच यांच्याकडे आले. त्याआधी १९९९ मध्ये सापेक्षतेला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने या विषयातील अभिजात निबंधांच्या मालेत वैद्यांचा करंट सायन्समधील १९४३ चा निबंध पुन्हा छापला. वैद्य तेव्हा ८० वर्षांचे होते.